जिंकले अकरा जण. मग ‘आम्ही’ कोण?

फुटबॉलचा सामना अकरा जण खेळतात. बदली खेळाडू धरले तर पंधरा-सोळा म्हणा. पण सामना संपला की हजारो माणसे घरी जाऊन चपला काढता काढताच सांगतात, “आम्ही जिंकलो!” वास्तविक त्यांच्यापैकी कोणी चेंडूला पायसुद्धा लावलेला नसतो. शेजाऱ्याचा मुलगा दहावी पास झाला म्हणून ‘आम्ही पास झालो’ असे कोणी म्हणत नाही. म्हटले तर लोक हसतील. येथे मात्र कोणी हसत नाही. उलट आपल्याच पेठेच्या संघाविषयी ‘ते जिंकले’ असे म्हणणारा माणूस परका वाटतो. हा दोन अक्षरी शब्द खरा आहे की खोटा, आणि खरा असेल तर तो उच्चारणाऱ्यावर काही जबाबदारी येते की नाही, याचा विचार करावा असे बरेच दिवस मनात होते.

निमित्त घडले ते एका संडे स्कूल शिक्षिकाबाईंच्या प्रश्नाचे. त्यांच्या वर्गातील दहा-अकरा वर्षांच्या एका मुलाने प्रार्थनेत मोठ्याने मागितले की, आज दुपारी समोरच्या गोलकीपरच्या हातातून चेंडू सुटू दे. वर्गात दुसऱ्या पेठेची मुलेही होती. पुढे काय झाले ते सांगायला नको. बाईंनी आम्हांला विचारले, “मी त्याला काय सांगू?” त्यांना आम्ही काय उत्तर दिले ते पुढे येईलच.

आम्ही भोपाळच्या करोंद भागात राहतो. बैरसिया रोडवरची वाहनांची रीघ, पहाटेपासूनचा मंडीतला गलबला, असा हा भाग. आणि या शहराचे प्रेम हॉकीवर. औबेदुल्ला खान सुवर्णचषकाच्या गोष्टी येथील वृद्ध मंडळी अजून रंगून सांगतात. १९७५ साली भारताने हॉकीचा विश्वचषक जिंकला, तेव्हा उपांत्य सामन्यात मलेशियाविरुद्ध शेवटच्या मिनिटांत बरोबरीचा गोल करणारे अस्लम शेर खान याच शहराचे. अशा ठिकाणी आमच्या घरात मात्र हिवाळा लागला की कोल्हापूरचा फुटबॉल येऊन बसतो. आमचे मूळ गाव ते. नोकरीधंद्याने इकडे आलो, पण लीगचा सामना असला की संध्याकाळी फोन वाजतोच. शेजारी विचारतात, तुम्ही तेथे नाही, खेळणारे तुमच्या नात्याचे नाहीत, मग तुमचा जीव का खालीवर होतो? प्रश्न योग्य आहे.

नगर-जालन्याकडील किंवा विदर्भातील वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. कोल्हापुरात फुटबॉल क्लबात वाढला नाही, तो तालमीत वाढला. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला जो आश्रय दिला त्यामुळे पेठापेठांतून तालमींना बळ आले. त्या तालमी पुढे नुसत्या आखाड्यापुरत्या राहिल्या नाहीत. गल्लीतला तंटा तेथे मिटे, सण तेथून साजरा होई, आणि पोरे तेथूनच चेंडू घेऊन मैदानावर जात. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली; लोक तिला केएसए म्हणतात. आजही संघांची नावे वाचली की हा इतिहास कळतो: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ. जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, संध्यामठ, फुलेवाडी, पोलीस असे इतर. शाहू स्टेडियमच्या दगडी पायऱ्यांवर आपापल्या जागी आपापली पेठ बसते. लीग होते, मग चषकांच्या बाद फेरीच्या स्पर्धा होतात, आणि पावसाच्या तोंडाशी हंगाम संपतो. यांपैकी आमचा संघ कोणता हे येथे सांगत नाही. या मासिकाचे वर्गणीदार सर्वच पेठांत आहेत.

आता ‘आम्ही’ या शब्दाकडे वळू. हंगामापूर्वी केएसएकडे खेळाडूंची नोंदणी होते. त्या दिवसांत कोल्हापुरात दुसरे बोलणे नसते. कालपर्यंत या तालमीचा असलेला फॉरवर्ड त्या तालमीकडे गेला, त्यांचा बचावपटू आपल्याकडे आला. काही संघ आफ्रिकेतून आलेले खेळाडूही घेतात. प्रशिक्षक बदलतो, कधी बनियनचा रंगही बदलतो. वीस वर्षांपूर्वीच्या संघातील एकही माणूस आज मैदानावर नसतो. मग तो संघ ‘तोच’ संघ कसा? जुन्या नावेची एकेक फळी बदलत गेली आणि शेवटी सगळ्याच फळ्या नव्या झाल्या, तर ती नाव तीच म्हणावी का, असा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत विचारतात. तालमीच्या बाबतीत त्याचे उत्तर पायऱ्यांवर बसलेले असते. खेळणारे येतात आणि जातात. बाप ज्या पायरीवर बसत होता त्याच पायरीवर मुलगा बसतो. संघ ‘तोच’ राहतो तो या माणसांमुळे. म्हणून ‘आम्ही जिंकलो’ हे वाक्य दिसते तितके खोटे नाही. खेळाडू हा त्या हंगामाचा संघ; समर्थक हा संघाचा सातत्याचा भाग.

याला पुरावा हवा असेल तर तो इंग्लंडात मिळतो. लंडनच्या विम्बल्डन भागात एक लहान संघ होता. १९८८ साली त्याने लिव्हरपूलसारख्या बलाढ्य संघाला १-० ने हरवून एफ.ए. कप जिंकला. पुढे मालकांना वाटू लागले की येथे धंदा होत नाही, संघ मिल्टन कीन्स या नव्या शहरात न्यावा. हे शहर तेथून सुमारे नव्वद किलोमीटर दूर. समर्थकांनी विरोध केला, पण २००२ च्या मे महिन्यात तीन जणांच्या समितीने स्थलांतराला परवानगी दिली. कायद्याने संघ मालकांचा. खेळाडू, करार, लीगमधील स्थान सर्व काही त्यांचे. समर्थकांकडे काय राहिले? त्यांनी त्याच उन्हाळ्यात गावच्या मोकळ्या माळावर खेळाडूंची चाचणी घेतली, जो येईल त्याला खेळवून पाहिले आणि स्वतःचा संघ उभा केला. अगदी खालच्या लीगमध्ये सुरुवात झाली. नऊ हंगामांत पाच वेळा वर चढून २०११ साली तो संघ व्यावसायिक लीगमध्ये पोहोचला, आणि २०२० साली आपल्या जुन्या मैदानाच्या शेजारी बांधलेल्या नव्या मैदानावर परतला. मालक संघ घेऊन गेले, पण ‘आम्ही’ हा शब्द त्यांना नेता आला नाही.

गोव्यात याहून कडू प्रकार झाला. धेंपोने राष्ट्रीय पातळीवर पाच वेळा अजिंक्यपद मिळवले होते. साळगांवकरचे नावही मोठे. २०१६ साली देशातील लीगची रचना बदलू लागली तेव्हा धेंपो, साळगांवकर आणि स्पोर्टिंग या तिन्ही संघांनी आय-लीगमधून माघार घेतली. निर्णय मालकांचा होता आणि त्याला त्यांच्या दृष्टीने कारणेही होती. फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये पिढ्यान्‌पिढ्या जाणाऱ्यांना मात्र कोणी विचारले नाही.

आणि आमच्या भोपाळचे उदाहरण तर हाताशीच आहे. २०१२ साली वर्ल्ड सिरीज हॉकी नावाची स्पर्धा निघाली. तीत ‘भोपाळ बादशाह’ नावाचा संघ होता. ऐशबागवर दिवे लागले, लोक गेले, टाळ्या झाल्या. स्पर्धेचा दुसरा हंगाम झालाच नाही. आज त्या संघाच्या पराभवाबद्दल कोणी हळहळत नाही, कारण हळहळायला माणसाला एकाहून अधिक वर्षे लागतात. एका वर्षात टाळ्या वाजवून होतात, तेवढ्यात कोणी ‘आम्ही’ होत नाही.

यावरून एक गोष्ट दिसते. ‘आम्ही’ म्हणण्याचा हक्क तिकिटाच्या पैशाने मिळत नाही. तो मिळतो हरण्याच्या दिवसांत. सलग चार सामने गमावलेला संघ पाचव्या सामन्याला मैदानात उतरतो, समोर लीगमधला सगळ्यात तगडा संघ असतो, ऊन तापलेले असते, आणि तरी जो माणूस त्याच पायरीवर येऊन बसतो, त्याने तो शब्द कमावलेला असतो. विश्वचषकाच्या दिवसांत कोल्हापुरात अर्जेंटिना आणि ब्राझीलचे केवढे फलक लागतात! २०२२ च्या डिसेंबरात अर्जेंटिना जिंकली तेव्हा गल्लोगल्ली गुलाल उडाला. आनंदाला आमची हरकत नाही. पण ते प्रेम स्वस्त आहे. मेस्सी दुसऱ्या दिवशी दुधाच्या रांगेत आपल्यापुढे उभा नसतो. तालमीच्या संघात मात्र काल पेनल्टी हुकवलेला मुलगा आज सकाळी आपल्याच चौकात भेटतो. त्याला काय म्हणायचे? काल पायऱ्यांवरून आपण जे ओरडलो ते त्याच्या आईने ऐकले असेल काय? स्थानिक संघाचा समर्थक होणे कठीण आहे ते यामुळे. आपल्या तोंडच्या प्रत्येक शब्दाची दुसऱ्या दिवशी गाठ पडते.

आपल्या मंडळ्यांत एके काळी खेळ पाहणे हीच ऐहिक गोष्ट मानली जाई. जुने वडीलजन म्हणत, वेळ वाया. त्यांना हे ठाऊक नसावे की इंग्लंडातील कित्येक नामांकित संघ चर्चच्या अंगणातून निघाले. एव्हर्टन हा १८७८ साली एका मेथडिस्ट चर्चच्या तरुणांनी काढला. फुलहॅम हा तर १८७९ साली चक्क संडे स्कूलचा संघ होता! तेव्हा संडे स्कूल शिक्षकांनी फुटबॉलला फार लांब ठेवण्याचे कारण नाही. आपण मुलांना एरिक लिडेलची गोष्ट सांगतो: १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती म्हणून तो धावला नाही, आणि पुढे चारशे मीटरचे सुवर्णपदक जिंकले. फार चांगली गोष्ट. पण ती धावणाऱ्याची आहे. पौलाने धावपटूचे आणि मुष्टियोद्ध्याचे दृष्टान्त दिले तेही स्पर्धकाचे. पाहणाऱ्याविषयी आपण मुलांना काहीच शिकवत नाही, आणि वर्गातील शंभरातली नव्व्याण्णव मुले आयुष्यभर पाहणारीच राहणार आहेत. इब्री लोकांस पत्रात एके ठिकाणी साक्षीदारांचा मेघ येतो. धावणाऱ्याभोवती जणू प्रेक्षकांनी भरलेले मैदानच. मात्र त्या ठिकाणचे प्रेक्षक स्वतः ती शर्यत धावून आलेले आहेत. रस्ता किती कठीण आहे हे त्यांच्या पायांना ठाऊक आहे. आमच्या मते चांगल्या प्रेक्षकाची सुरुवात तेथे होते. ज्याने कधी उन्हात नव्वद मिनिटे धावून पाहिले आहे तो थकलेल्या खेळाडूला शिवी देताना निदान एकदा थांबतो.

पण ‘आम्ही’ म्हटले की दुसरीकडे ‘ते’ आलेच. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांची चुरस सर्वश्रुत आहे. चुरशीत वाईट काही नाही. समोर कोणी नसेल तर सामनाच होत नाही. शिवाजी तरुण मंडळाची जी कीर्ती आहे तिच्यात पाटाकडीलचा वाटा आहे, आणि पाटाकडीलच्या कीर्तीत शिवाजीचा. तालमीतल्या मल्लांना हे कळत होते. कुस्ती लागण्यापूर्वी दोघे हात मिळवतात, लाल माती एकमेकांच्या अंगाला लावतात. ज्याला पाडायचे त्यालाच प्रथम माती लावायची! फुटबॉलच्या पायऱ्यांवर ही रीत पोहोचली नाही, याचे वाईट वाटते. करिंथ येथील मंडळीत कोणी स्वतःला पौलाचा म्हणवी, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा. गमतीची गोष्ट अशी की त्या पुढाऱ्यांमध्ये तसे भांडण नव्हते. भांडत होते ते त्यांचे समर्थक. मैदानावरही पुष्कळदा तसेच घडते. सामना संपल्यावर खेळाडू एकमेकांना मिठी मारून पाणी पितात, आणि पायऱ्यांवर चपला, बाटल्या, दगड सुरू असतात. हुल्लडबाजीमुळे कोल्हापुरात सामने थांबवावे लागले आहेत, लाठीमार झाले आहेत, तरुणांवर गुन्हे दाखल झाले आहेत. आपल्या शहराच्या प्रेमापोटी हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

शिक्षिकाबाईंना आम्ही सांगितले ते असे: मुलाला प्रार्थनेपासून अडवू नका. स्तोत्रकर्त्यांनी शत्रूंविषयी याहून पुष्कळ भयंकर गोष्टी मागितल्या आहेत, आणि देवाने त्या ऐकून घेतल्या, पुरवल्या असे नव्हे. मनात आहे ते मुलाने देवापुढे बोलू नये तर कोठे बोलावे? पण प्रार्थना संपल्यावर त्याला त्या गोलकीपरचे नाव विचारा. ठाऊक नसेल तर पुढच्या रविवारी शोधून आणायला सांगा. बाईंनी तसे केले. मुलगा नाव घेऊन आला. शिवाय तो गोलकीपर दिवसा कोठे काम करतो हेही घेऊन आला. आता तो त्याच्याविरुद्ध प्रार्थना करतो की नाही, हे आम्ही विचारले नाही.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे येतो. आमच्या नात्यातील एक मुलगा, वय वर्षे एकोणीस, आपल्या तालमीचा कट्टर समर्थक. पोलीस भरतीची तयारी करीत होता. पहाटे धावणे, गोळाफेक, अभ्यास सगळे नेटाने चाललेले. काही वर्षांपूर्वी एका सामन्यात शेवटच्या मिनिटाला वादग्रस्त निर्णय झाला आणि स्टेडियमबाहेर दगडफेक झाली. समोरच्या पेठेतील एका मुलाच्या डोळ्याच्या वर दगड लागला. डोळा वाचला, पण सात टाके पडले. पोलिसांनी चौकशी सुरू केली तेव्हा तालमीत रात्री मंडळी जमली. ठरले असे की कोणी काही पाहिले नाही. गर्दी होती, धूळ होती, कोण कोठे होता सांगता येत नाही. सर्वांनी माना डोलावल्या. तेथे एक वृद्ध समर्थक होते. गल्लीतले सगळे त्यांना तात्या म्हणतात. आपणही तात्याच म्हणू. जवळजवळ पन्नास वर्षे त्यांची पायरी ठरलेली. ते म्हणाले, “मी बघितलंय. दगड ह्यानंच मारला.” आणि आमच्या त्या मुलाकडे बोट केले. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी विचारले तेव्हाही तेच सांगितले.

मुलावर गुन्हा दाखल झाला. भरतीच्या अर्जात दाखल गुन्ह्याची माहिती द्यावी लागते. ती लपवली तर तो वेगळा अपराध होतो. त्या वर्षीची भरती गेली, पुढचीही गेली. पेठेत तात्यांशी कोणी बोलेना. त्यांच्या पायरीवर दुसरे लोक बसू लागले. तात्यांना फितूर म्हटले गेले. मुलाच्या आईने तर त्यांच्या दारात जाऊन जे बोलायचे ते बोलून घेतले.

पुढे कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या. पहिल्या तारखेला मुलाबरोबर तालमीची वीस-पंचवीस पोरे गेली. दुसऱ्या तारखेला सहा. चौथ्या तारखेपासून मुलगा एकटा. वकिलाची फी घरच्यांनी दागिना गहाण ठेवून दिली. त्या वर्षी तालमीने एक चषक जिंकला, मिरवणूक निघाली, रात्रभर ‘आम्ही जिंकलो’ झाले; दुसऱ्या आठवड्यातील तारखेला कोणी नव्हते. एकटे नव्हते असे मात्र म्हणता येत नाही, कारण तात्या होते. साक्षीसाठी त्यांना बोलावणे एकदाच यायचे होते, पण ते प्रत्येक तारखेला येत, आवारातील चहाच्या टपरीजवळ उभे राहत. मुलाने पहिल्यांदा पाहून तोंड फिरवले. कितव्या तरी तारखेला चिडून विचारले, “तुमी कशाला येताय?” तात्या म्हणाले, “तू आमचा न्हवं का?”

या गोष्टीवर आमच्या घरात पुष्कळ वाद झाला आहे. एक बाजू अशी: आपल्या मुलाला पोलिसांच्या हाती देणारा माणूस निष्ठावान कसला? घरचे भांडण घरात मिटवावे. मुलाला तालमीत बोलावून दोन थोबाडीत द्याव्या, जखमी मुलाच्या घरी माफी मागायला पाठवावे, औषधपाण्याचा खर्च तालमीने द्यावा. एका दगडासाठी मुलाचे आयुष्य कशाला नासवावे? ही बाजू हलकी नाही. तालमींनी असे कित्येक तंटे मिटवले आहेत आणि ते कोर्टाहून बरे मिटले आहेत. तात्यांनी आधी ही वाट का धरली नाही, असा आक्षेप आम्हीही घेतो. पण त्या रात्री तालमीत माफीची गोष्ट निघालीच नव्हती. ठरले होते ते खोटे बोलायचे. ज्या मुलाच्या भुवईवर सात टाके पडले त्याला, त्याच्या आईला, आणि सगळ्या शहराला सांगायचे होते की तो दगड कोणीच मारला नाही, तो आकाशातून पडला. अशा वेळी गप्प राहणे म्हणजे त्या दगडाला हात लावणेच होते.

येथे आपण आधी मांडलेला विचार उलटून अंगावर येतो. संघ म्हणजे पायऱ्यांवरची माणसे, असे आपण म्हटले. मग गोल जसा ‘आम्ही’ केला तसा दगडही ‘आम्ही’च मारला. जिंकताना ‘आम्ही’ आणि तारखेला ‘तू’, असा हिशेब चालत नाही. फुटबॉलमध्ये आपल्या खेळाडूने फाउल केला तर तो फाउल म्हणता येणे, आणि फाउल म्हणूनही तो खेळाडू आपला राहणे, या दोन्ही गोष्टी एकाच तोंडात राहाव्या लागतात. बहुतेकांना एकच जमते. काहींना आपल्या माणसाचा दोष दिसतच नाही. आणि काहींना दोष दिसला की माणूस परका होतो. वीस-पंचवीस पोरे पहिल्या प्रकारची होती आणि दोन महिन्यांत दुसऱ्या प्रकारची झाली. हे अंतर किती थोडे आहे पाहा. तात्यांना मात्र दोन्ही जमले: त्याने दगड मारला, आणि तो आमचा आहे.

याची किंमत तात्यांनी दिली, मुलाने दिली, त्याच्या आईने दिली, हे विसरून नुसती वाहवा करणे बरे नव्हे. त्या बाईंचा राग आम्हांला समजतो. खरे बोलण्याचे बिल पुष्कळदा न बोलणाऱ्यांच्या नावावर फाडले जाते. मुलगा आता एका गॅरेजमध्ये काम शिकतो. जखमी मुलाच्या घरी तो एकदा जाऊन आला. काय बोलणे झाले हे दोघांनीही कोणाला सांगितलेले नाही. पेठेतील काही जाणत्या माणसांनी अलीकडे तात्यांशी बोलायला सुरुवात केली आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत याच पेठांतील तालमींच्या पोरांनी गुडघा-गुडघा, छाती-छाती पाण्यातून म्हातारी माणसे बाहेर काढली होती, आणि काढताना ती कोणत्या पेठेची हे विचारले नव्हते. त्या पोरांना चांगले वागता येत नाही असे म्हणणाऱ्यांशी आम्ही भांडायला तयार आहोत. त्यांना फक्त पाणी ओसरल्यावरही तसेच राहायला कोणी शिकवलेले नाही.

खटला अजून चालू आहे. पुढची तारीख लीगच्या सामन्याच्याच दिवशी आली आहे, आणि सामनाही त्याच समोरच्या पेठेशी. करोंदहून फोनवर विचारले तर तात्या म्हणाले, सामना दुपारी आहे, पण कोर्टात नंबर कधी लागेल ते सांगता येत नाही. तवा आम्ही दोघं तिथंच असू.